बाकी

अक्षरं मी हरवलेल्या पोरांकडून शिकले.
पुसेगावच्या जत्रेत, भोंग्याच्या टेबलाखाली बसून.
माइकवरच्या दगडूमामांचा उजवा हात
मोटरच्या पट्ट्यात गेलेला, म्हणून
चिठ्ठी मी लिहायची:
नाव, गाव, अंगातल्या कपड्याचा रंग.
रंग सगळ्यांना सांगता यायचा.
गाव विचारलं की पोरं म्हणायची,
"आमच्या दारात चिंच आहे."
तेही लिहायचे मी.
चिंचेवरूनसुद्धा कुणाची तरी आई धावत यायची.

आमचं वर्ष म्हणजे म्हसवडचा रथ,
मग पुसेगाव, औंध, पाल,
चैतात खरसुंडी, आणि नंतर विट्याला
ताडपत्रीखाली सोळा डबे उपडे.

शाळेत घार्गे बाईंनी विचारलं, "गाव?"
मी म्हटलं, "निळा फ्रॉक."

बाई हसल्या नाहीत.
हजेरीच्या शेवटच्या पानावर लिहिलं,
जैबुन बाबालाल मुलाणी, दहा दिवस.
आणि एक दोनशे पानी वही दिली,
तिच्या पहिल्या पानावर पुढच्या शाळेला निरोप:
"जोडाक्षरं वाचते. वजाबाकीत हातचा विसरते.
इथून पुढे घ्यावे."

औंधच्या सरांनी हिरव्या शाईत हातचा पक्का केला.
पालच्या बाईंची बोटं भंडाऱ्यानं माखलेली,
पृथ्वीचं पान अजून पिवळं आहे.
एवढी गोल फिरते तर माणसं पडत का नाहीत,
वर्गानं विचारलं.
मला वाटलं, कुणीतरी नट नीट आवळले असतील.

बरोबरचं चिन्ह अब्बांनी आधीच शिकवलं होतं.
"समोरासमोर बसव गं. एकीकडंच भरलंस तर मोटर रडती."
समीकरण दिसलं की अजूनही मी
दोन्हीकडची माणसं मोजते.

अडले ते खरसुंडीत.
विभूते गुरुजींनी सत्तावन्नला सहानं भागलं.
भाग गेला नऊ, बाकी तीन.
"बरोबर," म्हणाले, आणि डस्टर उचललं.
मी उभी राहिले.
गुरुजी, तीन उरलेत.
"उरू देत."

उरू देत कसं?
पाळणा उभा राहिला की अब्बा
पत्र्याचा डबा सतरंजीवर उपडा करायचे.
एक नट जरी निघाला
तर वर कुठंतरी एक बोल्ट मोकळा आहे
आणि त्याच्या जिवावर उद्या कुणाची तरी पोरं बसणार.
मग रात्रभर
बॅटरी दातात धरून अब्बा वर, मी खाली,
सांध्या-सांध्यावर पान्याची टकटक.
घट्ट नट खणखणतो. ढिला खोकतो.
जेवण झाकलेलं तसंच.
एकदा उजाडताना सापडला, चौदाव्या डब्याच्या कानाशी,
अब्बा तिथंच वर बसून राहिले,
किती वेळ तरी उतरलेच नाहीत.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं.
त्यांचा चहा निवला, वर साय धरली.
वहीत लिहिलं:
"भागाकार येतो. बाकी मान्य नाही.
जबरदस्ती करू नये."

दहावीच्या फॉर्मवर 'मागील शाळा' म्हणून
एकच ओळ होती, बोटभर.
विट्याचा क्लार्क वही चाळत राहिला,
सात गावं, अकरा हस्ताक्षरं,
शेवटी म्हणाला, "ही स्टेपल करून टाकू?"
मी नाही दिली.

आता सांगलीच्या एसटी वर्कशॉपमध्ये आहे,
चाकांकडं.
पोरं चेष्टा करतात,
मॅडम गाडीला कान लावतात म्हणून.

यंदा चैतात रजा टाकून खरसुंडीला गेले.
गुरुजी नव्हते. बदली.
आधी जतला, तिथनं उमदीला,
पुढचं कुणाला ठाऊक नाही.
म्हणजे तेही आमच्यातलेच.

जत्रा जागेवर होती. पाळणा दुसऱ्या कुणाचा,
डब्यांना एलईडी.
भोंग्याच्या टेबलाशी एक पोरगा, कानावर पेन.
त्याला म्हटलं, लिही.
विभूते गुरुजी. पांढरा सदरा, बाहीला खडू.
त्यानं लिहिलं. शुद्ध लिहीत होता.
मग पेन थांबवून, मान वर न करता
विचारलं, "गाव?"